खाडीचे काप

आमच्याकडे काप म्हटलं की नीरफणसाचे, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतलेले. त्यामुळे "आज दिवसभर काप काढत होते" असं मी घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "आणि त्याचा पगार देतात तुला?" देत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून मी रत्नागिरीला परत आले होते आणि समुद्राकाठच्या एका लहानशा संशोधन केंद्रात हंगामी नोकरीला लागले होते. केंद्रात कॉम्प्युटर एकच. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, आणि आत जाताना चपला बाहेर. देवळातसुद्धा लोक इतक्या आदराने वागत नसत. मला मात्र त्या यंत्राबद्दल आदर कमी आणि राग जास्त होता, कारण रोज भांडण माझंच व्हायचं.

केंद्राचे प्रमुख सर निवृत्तीला आले होते. त्यांनी खाडीची खोली मोजून घेतली होती. होडीतून राजिवड्याच्या काठापासून भाट्याच्या काठापर्यंत सरळ जायचं, ठरावीक अंतरावर थांबायचं, शिसं बांधलेली दोरी तळाला टेकवायची आणि आकडा लिहायचा. अशी एक ओळ झाली की समुद्राच्या दिशेला थोडं सरकून दुसरी. खाडीच्या पोटापासून मुखापर्यंत अशा ओळीच ओळी. ते सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले की आत खाडीची एक लादीच तयार व्हायची, खरवसाच्या लादीसारखी. माझ्या प्रोग्रामने त्या लादीला हव्या त्या खोलीवर सुरी लावायची आणि कापलेली बाजू कागदावर छापायची. जिथे पाणी तिथे काळा चौकोन, जिथे वाळू तिथे टिंब.

सरांना काप हवा होता तो एकाच खोलीचा. ऐन ओहोटीला भरलेली होडी तरंगायला जेवढं पाणी लागतं, बरोबर तेवढ्या खोलीचा.

त्याचं कारण सगळ्या राजिवड्याला माहीत होतं. सरांचे वडील तांडेल होते, स्वतःची होडी चालवायचे. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. ओहोटी असली की मासेमारी करून आलेल्या होड्या बाहेरच थांबतात आणि भरतीची वाट बघतात. सरांचे वडील थांबत नसत. "तळाशी आपली वाट आहे," म्हणायचे आणि सगळ्यांच्या देखत आत यायचे. मासळीचा पहिला भाव त्यांना मिळायचा, त्यामुळे त्यांच्यावर जळणारेही पुष्कळ होते. मग एका ओहोटीला होडी वाळूवर चढली आणि फुटली. माणसं वाचली. पण वडिलांचं उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेलं, आणि काठावरच्या लोकांना एक वाक्प्रचार मिळाला. कोणी उगाच फुशारकी मारायला लागला की म्हणायचे, "तुझी पण वाट तळाशीच काय रे?" सर हे ऐकत लहानाचे मोठे झाले होते. ती वाट खरोखर आहे हे त्यांना दाखवायचं होतं. शिमगा झाला की बंदराचे साहेब येणार होते. वाट सापडली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खांब रोवायचे असं त्यांनी कबूल केलं होतं.

आणि माझा काप भलताच येत होता. एका ओळीत काळे चौकोन डावीकडे, दुसरीत उजवीकडे, तिसरीत परत डावीकडे. काठापासून काठापर्यंत नुसते फणीचे दात. अशी खाडी देवानेसुद्धा केली नसती.

मी प्रोग्राम उसवायला घेतला. कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, माणूस एकापासून, आणि दोघांच्या भांडणात एक रकाना हमखास हरवतो. तो हरवलेला होताच. मी तो शोधून जागेवर आणला. दात जसेच्या तसे, फक्त एक घर सरकले. मग आडव्याचं उभं झालंय का ते पाहिलं. मग प्रिंटरवर संशय घेतला, त्याची फीत बदलली, हात काळे झाले, केस मागे सारताना कपाळही काळं झालं. शिमग्याचे दिवस असल्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

सर मात्र चित्रावर खूश होते. कागद खिडकीशी धरून म्हणाले, "हे बघ गो, प्रत्येक ओळीत पाणी आहे. एकही ओळ कोरडी नाही. म्हणजे वाट आहे. तू फक्त हे तुकडे जोडून दे मला."

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, हे जोडून द्यायचंच. त्यांच्यासाठी काम करताना मला असं पुष्कळदा वाटायचं. चिडके होते, पण दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून खपवत नसत, आणि ती गोष्ट मला पुढे नोकऱ्यांमध्ये फारशी बघायला मिळाली नाही.

शेवटी मी एक खोटी खाडी केली. राजिवड्याला खोल आणि भाट्याकडे चढत जाणारी, कौलाच्या छपरासारखी एकसारखी उतरती. तिचे आकडे मनाने घातले आणि कापली. सुंदर, सरळ काप आला. म्हणजे सुरी ठीक होती, लादीतच काहीतरी होतं. हे सरांना सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. मी घातला.

"आकडे मी घेतलेत," सर म्हणाले.

"हो सर, पण प्रोग्राम आता—"

"नाचता येईना नि अंगण वाकडं. चल, उद्या होडीत बस. डोळ्यांनी बघ आकडे कसे घेतात ते."

गेले. होडी वल्हवायला केंद्राचा म्हातारा खलाशी होता. तो तरुणपणी सरांच्या वडिलांच्या होडीवर होता, त्यामुळे सरांशी बोलताना कधी "सायेब" म्हणायचा आणि कधी चुकून "पोरा". मला त्याने मध्ये बसवलं. "बाय, कडंला झुकू नको. शिकलेली माणसं लवकर पडतात." पाणी सकाळचं, स्वच्छ हिरवं. सर दोरी सोडत, तळ लागला की भरती-ओहोटीचा हिशोब मनात करून आकडा ओरडून सांगत, आणि मी लिहून घेत होते. एक, दोन, तीन असे थांबे मोजत आम्ही भाट्याच्या काठाला लागलो. ओळ संपली. पुस्तकी पद्धत अशी की आता परत राजिवड्याला यायचं आणि पुढची ओळ पुन्हा तिथूनच सुरू करायची. खलाशाने होडी जराशी समुद्राकडे सरकवली आणि सरांनी तिथेच दोरी सोडली.

"सर, परत नाही जायचं?"

"रिकामं कशाला जायचं?" सर म्हणाले. "खाडी ओलांडायचीच आहे, तर मोजत जाऊ." आणि पुढचा आकडा ओरडले, "एक!"

मला हसू आवरेना. पद्धत लिहिणारा माणूस कोकणातला नव्हता. कोकणातला माणूस बाजाराला जाताना नारळ घेऊन जाईल आणि येताना मीठ घेऊन येईल, पण रिकामी फेरी मारणार नाही. सरांनीही मारली नव्हती. जातानाची ओळ राजिवड्यापासून, येतानाची भाट्यापासून, आणि दोन्हींचा पहिला थांबा "एक". मी बापडी ते सगळे "एक" एकाखाली एक लावत बसले होते. निम्मी खाडी आरशात बघितल्यासारखी उलटी झाली होती.

मी सांगितलं तेव्हा सर इतके हसले की खलाशाने वल्हं थांबवलं. "म्हणजे आमच्या काटकसरीने खाडी मोडली," ते म्हणाले. "सरळ कर ती. आजच कर."

दुरुस्ती एवढीशी होती. दर दुसरी ओळ उलटी वाचायची, बस. दुपारी सर प्रिंटरजवळ येऊन उभे राहिले. तो प्रिंटर एक ओळ करकरत छापायचा, मग कागद जरा वर ढकलायचा, मग पुढची ओळ. खाडीच्या पोटाकडून सुरुवात झाली. डावीकडे, राजिवड्याच्या काठाने, काळी पट्टी एकसलग उतरायला लागली. दात नाहीत, काही नाही. सर वाकून तिच्यावर बोट ठेवून खाली खाली येत होते. मलाही इतका आनंद झाला होता की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

मुखाशी ती पट्टी संपली. पुढच्या ओळीत पाणी होतं, पण ते पार उजवीकडे, भाट्याच्या काठाला. तिथून दुसरी पट्टी निघून समुद्राला मिळाली. एकही ओळ कोरडी नव्हती, सरांचं खरं होतं. पण आतलं पाणी एका काठाने येऊन थांबत होतं, बाहेरचं दुसऱ्या काठाने येऊन थांबत होतं, आणि दोघांच्या मध्ये टिंबंच टिंबं.

"बरोबर आहे हे?" सरांनी विचारलं.

"हो सर." मग मला राहवेना. "पण वाळू दर पावसाळ्यात सरकते. तेव्हा कदाचित—"

"ते मीच शिकवलंय तुला," सर म्हणाले. त्यांनी कागद फाडून घेतला, नीट घडी घातली, चपला घातल्या आणि घरी गेले.

नंतरचे दिवस मला फार जड गेले. आधीचा, दातांचा कागद अजून त्यांच्या टेबलावरच होता. तो साहेबांपुढे ठेवून "एकही ओळ कोरडी नाही" म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? खांब रोवले गेले असते आणि सरांच्या वडिलांचं नाव राहिलं असतं. सर तसं करणार नाहीत असं मला वाटत होतं, आणि त्यांनी तसं करावं असंही थोडं वाटत होतं. मात्र खांबांच्या भरवशावर ओहोटीला होड्या आत शिरल्या असत्या आणि वाळूवर फुटल्या असत्या.

बंदराचे साहेब आले. सरांनी नवा कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवून सांगितलं, "वाट नाही. इथे खांब लावू नका, होड्या फुटतील." साहेबांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने काम संपलं होतं, आणि एक खर्चही वाचला होता.

दारात उभा असलेला खलाशी मात्र अस्वस्थ झाला. "सायेब, असं कसं? मी होतो ना होडीवर. वाट न्हाय तर तुमचा बापूस यायचा कसा?"

सरांनी कागदाकडे बघितलं. दोन काळ्या पट्ट्यांच्या मधली टिंबं होती तिथे.

"तू पुढे वल्ह्यावर असायचास, तुझं लक्ष पाण्यात," ते म्हणाले. "मी मागे त्यांच्या पायाशी बसायचो. इथपर्यंत आलो की ते होडी थांबवायचे. मागे वळून लाटा बघत राहायचे. एक जायची, दुसरी जायची. मग म्हणायचे, 'घट्ट धर.' होडी वर उचलली जायची आणि पलीकडे पाण्यात पडायची. मला वाटायचं, मला गंमत म्हणून करतात." त्यांनी टिंबांवर बोट ठेवलं. "वाट नव्हतीच. लाटेवरून आणायचे."

खलाशी खाली बसला. म्हणाला, "पोरा, मला पन त्यांनी वाट हाय म्हनूनच सांगितलंवतं. न्हायतर मी कशाला बसलो असतो होडीत."