दिवेलागणीचं फ्रेंच

भिलाईत तेव्हा जो उठेल तो रशियन शिकत होता. कारखाना उभारायला रशियन आले होते, त्यांच्याशी बोलायला ती भाषा लागायची. बाबांना आभाराचं ‘स्पसिबा’ आणि ‘चला’ म्हणायचं ‘दवाय’ एवढे दोन शब्द येत होते आणि तेवढ्यावर त्यांचं मजेत भागत होतं. अशा गावात फ्रेंच घेऊन बसलेली मी एकटीच दिवटी. नागपूरला मामाकडे राहून कॉलेज करत होते तेव्हा मैत्रिणीनं घेतलं म्हणून मीही घेतलं, दुसरं काही कारण नाही. पुढे मामाची बदली झाली, मी वळकटी गुंडाळून आईबाबांकडे आले आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा घरी अभ्यास करून द्यायचं ठरलं. बाकीचे विषय पुस्तकातून होण्यासारखे होते. फ्रेंच कुणाला विचारणार? पावर हाउस वस्तीतल्या बाजारात भाजीवालीला?

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतातले. बाबा आयुष्यात आंब्याच्या झाडापेक्षा उंच कशावर चढले नव्हते. आणि इथे येऊन त्यांना काम मिळालं ते लोखंडाचे खांब वर उंचावर जोडण्याचं. लोखंड वितळवायची पहिली भट्टी पेटलेली होती, तिच्या शेजारी पुढचीचं काम चाललं होतं. एकदा त्यांनी मला आणि आईला बाहेरच्या रस्त्यावरून त्यांची जागा दाखवली. मान मागे टाकून टाकून माझं डोकं पाठीला टेकलं तरी टोक दिसेना. वर काही ठिपके हलत होते. बाबा म्हणाले, तसाच एक ठिपका मी. मला आधी खोटंच वाटलं. माणसं एवढं उभं करतात? हातांनी?

आई मात्र त्या दिवसापासून धास्तावली. वर गेल्यावर कमरेला पट्टा बांधायचा आणि त्याचा हुक पक्क्या लोखंडात अडकवायचा असा नियम होता. पण जागा बदलली की हुक काढा, पुन्हा लावा, त्यात हात अडकतो, म्हणून बरेच जण तो नुसता लोंबकळत ठेवायचे. बाबाही. हे त्यांनीच हसत हसत घरी सांगितलं होतं, आणि सांगायला नको होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी बाबांच्या सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत आईचं कशात लक्ष नसायचं. घंटी वाजली की ती देवापुढे दिवा लावायची. आमच्या घरात दिवेलागण घड्याळावर नव्हती, बाबांच्या उतरण्यावर होती.

फ्रेंचची सोयही बाबांनीच केली. त्यांच्या साहेबांची, रशियन इंजिनियरची, बायको तिकडे शाळेत फ्रेंच शिकवायची हे त्यांना कळलं. त्यांनी आपले दोन शब्द आणि दहा खाणाखुणा वापरून तिला काय समजावलं देव जाणे, पण बाई तयार झाली. मी तिच्या क्वार्टरवर जायला लागले. मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी आणि हातवारे यांच्यावर आमची शिकवणी चाले. मी आईची जवसाची चटणी न्यायची. ती पावाला लावून खायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि आणखी मागायची.

भूतकाळाचा संकेतार्थ आला तेव्हा माझं गाडं रुतलं. न झालेल्या गोष्टीचा भूतकाळ कसा असेल? मी वैतागून म्हटलं, हे काही मला समजत नाही. बाई उठली. पाण्यानं भरलेला काचेचा पेला तिनं टेबलाच्या कडेशी ठेवला आणि बोटानं ढकलला. मी ओरडणार तेवढ्यात तिनं तो खाली हातात झेलला. माझ्यासमोर धरून म्हणाली, “इल सरे तोंबे.” पडला असता.

मग तिनं याच साच्यात चालणाऱ्या क्रियापदांची रांग लावली. जाणं, येणं, जन्मणं, पडणं, मरणं. शेवटी आपल्या भावाबद्दल एक वाक्य सांगितलं. तो युद्धावरून परत आला नव्हता. आला असता, तर त्यानंही असले कारखाने बांधले असते. पेला पडला असता, हे ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात तिनं हेही सांगितलं, आणि वही पुढे सरकवून म्हणाली, आता सहाही रूपं म्हण.

मी घरी चालत आले ती भारावून. जे घडलंच नाही, त्याचाही भाषेनं असा सगळा संसार मांडून ठेवलाय, मी-तू-तो, आम्ही-तुम्ही-ते, कुणाला वगळलेलं नाही! आणि गंमत म्हणजे हे सगळं माझ्या मराठीत पहिल्यापासून होतंच की. पडलो असतो, पडला असता, पडले असते. जन्मभर बोलत आले आणि एकदाही थांबून पाहिलं नाही. रस्त्यात उभी राहून मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. एका सायकलवाल्यानं वळून पाहिलं. पाहू दे म्हटलं.

आता माझी खोड अशी की मोठ्यानं बोलल्याशिवाय मला काही पाठ होत नाही. त्यात अर्थ मराठीतून म्हटला की पक्कं बसतं. संध्याकाळी उंबऱ्याशी बसून मी घोकायला लागले. इल सरे तोंबे, तो पडला असता. इल सरे मोर, तो मेला असता. आतून आई आली ती हातातल्या पोळपाटासकट.

“दिवेलागणीले मरण कावून घोकून राहिली वं? बाप वर टांगला हाये तुहा. वास्तू तथास्तू म्हणते.”

घरात वाईट बोललं की वास्तू त्याला तथास्तू म्हणते, आणि तिन्हीसांजेला तर हमखास म्हणते, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत. पण मी तेव्हा दोन पुस्तकं जास्त वाचलेली. म्हटलं, सरकारी क्वार्टरला कुठली आली वास्तू? आपण वास्तुशांतसुद्धा केली नाही. आई म्हणाली, सरकारची असली म्हणून काय झालं, तिलेही कान हायेत. मी म्हटलं, मेला असता म्हणजे मेला नाही. ती म्हणाली, मरण्याचं नाव तर घेतलं न! दुसरं कोणतंही क्रियापद चालेल, पडणं आणि मरणं या घरात नको, असा निकाल लागला.

पण परीक्षेचा पेपर काही आईला विचारून निघणार नव्हता. मी मागच्या अंगणात, नळ सोडून, त्या आवाजाखाली घोकत राहिले. एका सुटीच्या दिवशी बाबांनी ऐकलं. हे काय म्हणून विचारलं, तर मी त्यांचा चहाचा पेला ओट्याच्या कडेला ठेवला, ढकलला आणि झेलला. निम्मा चहा माझ्या परकरावर. बाबांना तो खेळ असा आवडला म्हणता! ओट्यावरचं जे हाताला येईल ते ढकलायचे, झेलायचे आणि ‘तोंबे’ म्हणायचे. आईनं दार लावून घेतलं. त्या रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं.

मग तो दिवस. संध्याकाळ झाली, शेजारपाजारच्या सायकली आल्या, बाबांची आली नाही. आईनं वात तेलात भिजवून ठेवली होती. काड्यापेटी हातात घेऊन ती फाटकाशी उभी राहिली. मी पुस्तक मिटलं. मी शिकलेली, वास्तूला नावं ठेवणारी, भिंतीकडे बघून मनात म्हणत होते, ऐकलं असशील तर विसरून जा बाई.

अंधारू लागलं तेव्हा बाबा आले. सायकलवर नव्हते, सायकल धरून चालत होते. घंटी वाजवली नाही. पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. मी पेला दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला.

“पडलो असतो,” बाबा म्हणाले. “पायाखालची फळीच गेली. पडलो असतो आज.”

आईनं त्यांचा सदरा वर केला. कमरेभोवती पट्ट्याचा काळानिळा वळ उठला होता, इकडून तिकडे, गोल. पायरीशी बसून तिनं त्या वळावरून बोट फिरवलं. मी विचारलं, बाबा, तुम्ही हुक लावला होता? तुम्ही तर लावत नाही.

तेव्हा ते सांगू लागले. त्या चहाच्या दिवसापासून त्यांना वर नादच लागला होता. जागा बदलली की ‘तोंबे’ म्हणायचं आणि हुक लावायचा. खेळ म्हणून. बरोबरचे लोक हसायचे, त्यांनाही तो शब्द पाठ झाला होता. फळी सरकली तेव्हा बाबा हवेत लोंबकळले आणि त्या लोकांनी दोर टाकून त्यांना ओढून घेतलं. ओढताना कुणी हसलं नाही, म्हणाले.

मी रडायला लागले. आई रडली नाही. ती उठली, आत जाऊन दिवा लावला, आणि तोच दिवा हातात घेऊन बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, आता माझं फ्रेंच कायमचं बंद. पुस्तक मी पाठीमागे सरकवलं.

“ते पडण्याचं म्हण,” आई म्हणाली.

मला समजलंच नाही. बाबाही बघत राहिले.

“म्हण न. याइच्या एकट्याचं नको. वर चढतेत त्या सगळ्यायचं म्हण. मोठ्यानं म्हण.”

मी म्हणायला लागले. झ सरे तोंबे, मी पडलो असतो. इल सरे तोंबे, तो पडला असता. नू, वू, आम्ही, तुम्ही, सगळे. आई दिव्यावर हाताचा आडोसा धरून उभी होती आणि माझ्या प्रत्येक ओळीमागून फक्त ‘असता’, ‘असते’ एवढंच म्हणत होती, घराच्या छताकडे बघून, वास्तूला तेवढं नीट ऐकू जावं अशा बेतानं. तेवढ्यात तिकडे भट्टीतून वितळलेलं लोखंड सोडलं असावं, कारण त्या उजेडानं अंगणातली तुळस तांबडी दिसायला लागली. एवढ्या मोठ्या आगीसमोर माझी आई तळहाताएवढा दिवा घेऊन उभी होती, आणि मी तिच्यापुढे कधी इतकी लहान झाले नव्हते.

‘ते पडले असते’ इथे येऊन मी थांबले. पुढचं क्रियापद कोणतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“थांबली कावून?” आई म्हणाली. “आता मरण्याचं म्हण.”

मी तेही म्हटलं.