घुमी टेकडीवर गेली

माझा थोरला भाऊ लिफ्टचा मिस्त्री होता. आयुष्यभर उंच इमारतींच्या डोक्यावरच्या मोटरच्या खोल्यांत राबला, पण राहायला घर घेतलं ते तळमजल्यावर. "दिवसभर टांगलेलं राहायचं, निदान घरी तरी पाय जमिनीला टेकू देत," म्हणायचा. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीवर होते. वहिनी गेल्या तेव्हा मी माझं बिऱ्हाड गुंडाळून दादाकडे आले, कारण घरात मागे राहिले तो आणि त्याची लेक, आणि दोघांपैकी एकालाही गॅस धड पेटवता येत नव्हता.

लेकीला आम्ही घुमी म्हणायचो. बोलणं लहानपणापासून कमी. चार प्रश्न विचारले की एकाचं उत्तर यायचं, तेही आपण पहिला प्रश्न विसरल्यावर. पण डोकं तल्लख. विज्ञानात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. दादाच्या मनात तिचं सगळं ठरलेलं होतं. सरकारी कॉलेजात विजेचा अभ्यास करायचा आणि मग लिफ्ट तपासणारा अधिकारी व्हायचं. हा अधिकारी आला की भलेभले मिस्त्री चळाचळा कापतात. आपली पोर फाईल काखेत मारून येईल आणि आपण तिच्यापुढे हात बांधून उभे राहू, या विचारानं दादा एकटाच गालातल्या गालात हसायचा.

शाळा संपली आणि एकदा जेवता जेवता घुमी म्हणाली, "बाबा, मला टेकडीवरच्या कॉलेजात जायचंय."

ते कॉलेज धर्माचं, फक्त मुलींचं. जुने ग्रंथ, जुन्या भाषा, प्रार्थना. राहायचंही तिथंच, आणि सकाळचा बराच वेळ मौन. शाळेची सहल एकदा तिथं गेली होती, तेवढीच तिची ओळख.

दादाला आधी चेष्टा वाटली. "तिथं काय शिकणार?"

"गप्प बसायला."

"ते तर तू आईच्या पोटातून शिकून आलीयेस!"

मी हसले. घुमी हसली नाही. "मी नुसती बोलत नाही, बाबा. गप्प बसणं वेगळं."

मग मात्र दादाचा आवाज चढला. दादा देवाचा वैरी वगैरे नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं: ज्याची तपासणी करता येत नाही, त्यावर आपण सही करत नाही. "पुढं पोट कशावर भरणार? प्रार्थनेवर? आणि मी गेल्यावर?" घुमीनं ताट उचललं आणि घासायला घेऊन गेली.

योगायोग असा, की त्याच सुमारास टेकडीवरच्या कॉलेजच्या लिफ्टची देखभाल दादाकडे आली. आधीच्या मिस्त्रीनं काम एकाएकी सोडलं होतं. का सोडलं, ते दादानं विचारलं नाही. उलट त्याला आयतं हत्यार मिळालं. "चला दोघी. बघू दे हिला. ज्यांना धड लिफ्ट वर नेता येत नाही, ते हिला देवापर्यंत काय नेणार!"

आम्ही दुपारी गेलो. इमारत जुनी, भिंती जाड, फरशी इतकी पुसलेली की खाली आपलंच अस्पष्ट रूप चालताना दिसे. मुली ये-जा करत होत्या, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. जिन्याच्या मधोमध जाळीच्या दाराची लिफ्ट होती. तिथल्या प्रमुख, सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत, आम्हाला घ्यायला आल्या.

"बिघाड काय आहे?" दादानं विचारलं.

"बिघाड काही नाही. करकरते. तेवढी करकर थांबवा."

दादा वर मोटरच्या खोलीत गेला, ठोकठाक केली, तेल घातलं, आणि खाली येऊन म्हणाला, "चला, एक फेरी मारून बघू." आत दादा, मोठ्या बाई, घुमी, मी आणि तिथल्या दोन मुली. दार अजून उघडंच होतं. आणि लिफ्ट दबली.

हे दबणं म्हणजे काय ते सांगते. लिफ्टमध्ये माणूस चढला की ती किंचित खाली जाते, दोर ताणला जातो म्हणून. आपल्याला कळतही नाही. दादाला पाठमोरा असताना कळायचं. कोण चढलं, लठ्ठ की बारीक, तो न वळता सांगायचा, घरी आम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची. त्या दुपारी मात्र मलाही पायाखाली कळलं. अगदी माणूस चढतं तसं. आणि चढलं कुणीच नव्हतं.

त्या दोन मुली सहज भिंतीकडे सरकल्या. मोठ्या बाईंनी दार क्षणभर तसंच धरलं आणि मग लावलं. घुमीनं खांद्यावरची पिशवी पुढं घेतली आणि माझ्या अंगाला लागून उभी राहिली. लिफ्टच्या मधोमध एका माणसाची जागा मोकळी झाली.

आम्ही वर निघालो. गार वारा नाही, वास नाही, काही म्हणजे काही नाही. त्यानंच मला जास्त धडकी भरली. त्या मोकळ्या जागेकडे कुणी बघत नव्हतं, जसं आपण अनोळखी माणसाकडे टक लावून बघत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर, वाचनालयापाशी, दार उघडलं. आमच्यातलं कुणी हलायच्या आधीच, कुणी उतरावं तशी, लिफ्ट किंचित उचलली गेली. मग मुली बाहेर पडल्या.

दादाचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, वहिनींच्या खाटेपाशी.

"कोण येतं हे?" त्यानं मोठ्या बाईंना विचारलं.

"आम्ही कधी विचारलं नाही."

"आणि भीती नाही वाटत?"

"कुणाला तरी वर जायचं असतं," बाई म्हणाल्या. "लिफ्ट त्यासाठीच असते ना?"

घरी आल्यावर दादानं चपला काढायच्या आधीच घुमीला धरलं. "तू का सरकलीस?"

"कुणी आत आलं की सरकतात, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

"कोण आलं? दिसलं तुला?"

"नाही."

"मग?"

"जड झाली ना लिफ्ट. तुम्हाला कळलं नाही?"

सगळ्यांत आधी ज्याला कळलं होतं, त्यालाच ती विचारत होती. दादा खेकसला, "त्या टेकडीवर तू पाऊल ठेवायचं नाहीस. विषय संपला."

पण त्याचा विषय संपला नव्हता. तो पुन्हा तिथं गेला, दोर बदलला, ब्रेक बदलला. लिफ्ट तळाला दुपारी तशीच दबायची. शेवटी तपासणीला वापरतात ती वजनं घेऊन गेला. एकेक ठेवून बघितलं, किती ठेवल्यावर नेमकं तेवढंच दबतं. त्या दिवशी आल्यावर जेवला नाही. मला एकटीला दाराबाहेर बोलावून म्हणाला, "ताई, ते वजन घुमीचं आहे."

मी त्याच्याहून धाकटी, पण तो मला ताईच म्हणायचा. मी म्हटलं, "दादा, त्या वयाच्या निम्म्या मुली तेवढ्याच वजनाच्या असतात."

"असतील," तो म्हणाला. "पण मला वाटतं, तिथं आपली पोर आधीच जाऊन बसलीय. नुसतं अंग न्यायचं राहिलंय."

त्यानंतर घुमीला पाठव म्हणायला माझीही जीभ रेटेना.

घुमी मुकाट्यानं सरकारी कॉलेजात जाऊ लागली. भांडली नाही, रुसली नाही. जायची, यायची, पुस्तक उघडायची. पण एक नवीनच सुरू झालं. घरात शिरली की ती दार लगेच लावायची नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून क्षणभर दार धरून ठेवायची, मागून कुणी येत असल्यासारखं. मग हळूच लावायची. स्वयंपाकघरात येतानाही तसंच. जेवायला बसली की खुर्ची थोडी बाजूला घ्यायची.

दादा ते बघायचा आणि घास तोंडातच घोळवत बसायचा. मी दार लावायला धावले तर "थांब" म्हणायचा, आणि मग स्वतःवरच चिडायचा. आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघंही अंग चोरून वावरू लागलो. एकदा मी कपडे घेऊन मोरीकडे जात होते आणि मधल्या दारात आपोआप बाजूला झाले. कुणाला वाट दिली, देव जाणे! वळून बघते तर दादा माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून तो घुमीला म्हणाला, "सामान बांध. ते जे काय आहे ते इथं आणण्यापेक्षा तूच तिथं जा."

ती उठली, वाकली, आणि लहानपणी करायची तसं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. त्यानं हात उचलला होता, पण तो मध्येच राहिला.

पोचवायला मीच गेले. दादा म्हणाला होता, "मी त्या दारात येणार नाही." पण लिफ्ट त्याच्याकडे होती, त्यामुळे दर महिन्याला जाणं भागच होतं. पहिल्या खेपेला तो तेल घालून, तिला न भेटताच परतला. पुढच्या खेपेला तो लिफ्टमध्ये उभा असताना घुमी ग्रंथांचा गठ्ठा घेऊन आली. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय, पण एवढं दोघांच्याही बोलण्यात आहे. ती चढली आणि लिफ्ट दबली. दादा दार लावणार, तेवढ्यात लिफ्ट पुन्हा दबली. तेवढीच.

दादानं घुमीकडे बघितलं. ती त्याच्या शेजारी धडधाकट उभी होती, कपाळावर घाम, नखांत शाई. म्हणजे ते जे कोण होतं, ते ती नव्हती. दादा म्हणतो, इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता. तो भिंतीला पाठ लावून सरकला, मधली जागा मोकळी केली आणि म्हणाला, "या."

"मला म्हणालात?" घुमीनं विचारलं.

"तू आलीयेस की आधीच," दादा म्हणाला.

त्यानंतर बापलेक बोलू लागले. वाद मिटला असं नाही. दर महिन्याला जाळीच्या अलीकडून-पलीकडून ते कडाकडा भांडायचे. तो विजेचं सांगायचा, ती ग्रंथातलं. दादा म्हणायचा, मौन शिकायला गेलेली पोर तिथंच बोलायला शिकली. घुमी अधिकारी झाली नाही. शिक्षण संपल्यावर ती तिथंच जुन्या भाषा शिकवू लागली. दादाला मनातून ते लागलंय, आणि तो ते लपवतही नाही.

एकदा सुट्टीत ती आली असताना मी धीर करून विचारलं, "तेव्हा घरात तू दार कुणासाठी धरायचीस?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "कुणासाठीच नाही, आत्या! बाबा बघायचे म्हणून. बोलून तर ते ऐकत नव्हते."

मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. आमची झोप उडवली होती कार्टीनं. "म्हणजे लिफ्टमध्येसुद्धा तू मुद्दामच सरकलीस?"

तिचं हसू थांबलं. तिनं पाण्याचा पेला उचलला, पण प्यायली नाही. "नाही," म्हणाली. "तिथं मला कुणाचा तरी खांदा लागला."

मधल्या दाराचं मी तिला सांगितलं नाही.

दादाला आता काम होत नाही. घुमीला कॉलेजनं आवारात घर दिलंय, तिथं या म्हणून ती त्याच्या मागे लागलीय. तो ऐकत नाही. कधी म्हणतो चढ फार आहे, कधी म्हणतो तिथलं पाणी जड आहे. परवा फोनवर पुन्हा दोघांचं जुंपलं. मी इस्त्री बाजूला ठेवली, कान देऊन ऐकलं. तो म्हणत होता, "इथलं काय वाईट आहे? ताई आहे सोबतीला. तुलाच आठवण येते तर तू ये. येताना एकटीच ये म्हणजे झालं."