उपरण्याखालचा भाव

अडत्याने उपरण्याखालून माझा हात ओढून काढला आणि भर बाजारात मनगट धरून उंच केला. “आबा, तुमच्या सुनेला परक्याच्या हातात हात द्यायची हौस दिसते.” शिरपूरचा अख्खा कापूसबाजार हसला. आबा, माझे सासरे, गाडीपाशी मान खाली घालून उभे.

रीतच तशी होती. माल विकून देणारा अडत्या आणि घेणारा व्यापारी उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस त्याने बाजूला उभं राहायचं. मला ते बघवेना. मी हात घातला.

आदल्या साली शेतकी खात्याचे साहेब गावात आले होते. लांब धाग्याचा कापूस लावा म्हणाले, परदेशी कापूस सरकार आता येऊ देणार नाही. आबांना हार घातला. आबा विरघळले. ज्वारीचं वावरसुद्धा कापसाला दिलं, वर भाऊबंदांनाही पटवलं.

कापूस झाला. अडत्याने चिमूटभर कापूस ओढून धागा बघितला, खोट निघेना. मग म्हणाला, मुंबईच्या बंदरात परदेशी कापसाच्या गाठी उतरल्यात, गिरण्यांना तुमचा माल नको. साहेब तिथेच व्यापाऱ्याच्या गादीवर चहा पीत होते. आबा हात जोडून त्यांच्याकडे गेले. साहेबांनी बशी खाली ठेवली नाही. शहरात कापड स्वस्त राहिलं पाहिजे, देशाचा विचार करा, म्हणाले. हार घालून फसवलं होतं आम्हाला.

तेव्हा मी उपरण्याखाली हात घातला होता. आता अडत्याच्या पकडीतून तो सोडवून घेतला आणि म्हणाले, “हाऊ कापूस आमना शे. भाव आमनासमोर बोला.”

अडत्याने उपरणं खांद्यावर टाकलं आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. माल परत न्यावा तर घरात ज्वारीचा दाणा नव्हता. मिळेल त्या भावात आबांनी विकला. घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या पेरणीआधी साहेब पुन्हा आले, पुन्हा हार घेऊन. पुरुष चावडीपुढे, बायका मागे. मी उठून पुढे गेले. “पहिले बंदर बंद करा, मंग आमनं वावर मांगा.”

हे तुला कळायचं नाही बाई, साहेब म्हणाले. चांगलं कळत होतं. आबांनी मला खाली बसवलं नाही.

त्या साली आम्ही ज्वारी पेरली. आजही कुठला साहेब देशाच्या नावाने शेत मागायला आला, तर बाहेरचा माल थांबवणार का, एवढंच विचारते. गप्प राहिला तर त्याला पाणीसुद्धा विचारत नाही.