ही फॅन नाही, जत्रा आहे

“ही फॅन नाही. ही जत्रा आहे.”

मिहीर सगळ्यांसमोर म्हणाला. गंगापूर रोडवरच्या बंगल्यात, त्याच्या स्वतःच्या खोलीत. आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजातली काही पोरं दर शनिवारी तिथे जमायची. परग्रहांवरचे सिनेमे बघायची, विज्ञानकथांवर वाद घालायची. स्वतःला ‘किडे’ म्हणवून घ्यायची. मोठ्या मानाने.

माझा गुन्हा काय? हॉस्टेलवरच्या मुलींना सोबत नेलं होतं. सिनेमा चालू असताना त्यांना गोष्ट समजावत होते. हसत होते.

“खरा किडा गप्प असतो,” तो म्हणाला. “तुमच्या पाड्यावरचा गोंगाट इथे चालत नाही.”

पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. 

मी पेठ तालुक्याकडची. कोकणा आदिवासी. आमच्या पाड्यावर एकच टीव्ही. अंतराळयानाची मालिका लागली की सगळा पाडा त्या घराच्या अंगणात. मालिका हिंदीत, म्हाताऱ्यांना कळायची नाही. मग मी उभी राहून आमच्या बोलीत सांगायची. वीज गेली की पुढची गोष्ट मीच रचायची. माझी आवड अशी गर्दीत वाढली. तिला दुसरी जागाच नव्हती.

हॉस्टेलवर परतताना सिटी बसमध्ये हे डोक्यात आलं आणि राग उसळला. गप्प बसून एकट्याने आवड जपायला खोली लागते. लावायला दार लागतं. कॉम्प्युटर लागतो. बापाने ते सगळं दिलं, आणि हा त्याला स्वतःची हुशारी समजतो!

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. मुलींना घेऊनच. मिहीर दारातच उभा.

“आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची. मगच आत.”

“सगळ्यांनी?”

“तू. आणि तुझी ही गँग.”

त्याने पहिला प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं. जिभेवर होतं.

“देणार नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे येत नाही.”

“तुला काय समजायचं ते समज. तुझी परीक्षा कोणी घेतली होती?”

तो दारातून हलला नाही.  आतल्या किड्यांतला एकही माझ्या बाजूने बोलला नाही. मी मुलींना घेऊन पायऱ्या उतरले.

मग वॉर्डनच्या मागे लागून हॉस्टेलची कॉमन रूम मिळवली. भाड्याने सीडी आणायचो. मी बडबडायची, मुली ओरडायच्या. मेसमधल्या मावशीही येऊन बसायच्या. यानाचा कप्तान मूर्ख आहे यावर त्यांनी माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं.

वर्षभराने मिहीर आला. त्याच्याकडे आता कोणी फिरकत नव्हतं.

“एकत्र करू या. लोक जमवायचं तुला छान जमतं, ते तू बघ. अभ्यासाची बाजू मी बघतो.”

पुन्हा एक नवं नाव: आधी जत्रा, आता लोक जमवणारी. या वेळी गोड बोलून. मी चहासुद्धा विचारला नाही. “निघ,” म्हणाले.

लोक म्हणतात, पोरवय होतं, सोडून दे. नाही सोडणार. ज्यांनी मला दारात उभं करून मापलं, त्यांच्याशी माझा समेट नाही. माझ्या आवडीला नाव मी देईन. नाही दिलं तर ती बिननावाची राहील. पण तुमचं नाव तिला लागणार नाही.