बैल खात होता तोवर

भाऊजींची बातमी मला कॉलेजच्या व्हरांड्यात कळली. सायकलवरून धापा टाकत आलेला माणूस म्हणाला, “चाल लवकर, गणपतभाऊले करंट लागला.” मी दवाखान्यात पोचलो तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. ताई शेजारी बसली होती. रडत नव्हती. भाऊजींचा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून पाहत होती. “कुठीच भाजलं नाई, बाबू,” ती म्हणाली. “करंट लागला तं भाजत नाई का?”

मला लिहिण्याची सवय नाही. पण ताईचा हा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी गणपतराव, वायरमन होते. आमचे घर सेलूकडच्या खेड्यातले, शेतकऱ्याचे. आमच्यात कॉलेजचे तोंड कुणी पाहिले नव्हते. मला बोरगावला आपल्या घरी आणून वर्ध्याच्या कॉलेजात घातले ते भाऊजींनी. रात्री ताटावर बसले की विचारायचे, “काय कालेजवाले, आज काय नवीन?” मी अडखळत काहीतरी सांगायचो आणि ते घास हातात धरून ऐकायचे... विजेच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी काही सांगायची गरज नसे. कामाला हात लावण्यापूर्वी ते फ्यूज काढून खिशात ठेवत, म्हणजे मागून कुणी वीज चालू करायला नको. “फ्यूज माह्या खिशात, तं जीव माह्या खिशात,” असे म्हणत.

त्यांची शिडी बांबूची, आखूड. लांब शिडी खांद्यावर घेऊन सायकल चालवता येत नाही, म्हणून त्यांनी ती मुद्दाम तशी करून घेतली होती. घरांतल्या कामाला ती पुरायची. जिनिंग कारखान्याच्या आवारातले दिवे मात्र उंच खांबांवर. तिथे सगळे वायरमन करत तेच तेही करत. कापूस उतरवून रिकामी झालेली बंडी, म्हणजे बैलगाडी, खांबाजवळ लावायची आणि शिडी तिच्यावर उभी करायची. बैल सोडले तर बंडी पुढे झुकते, म्हणून बैल जुंपलेलेच ठेवायचे. ते हलू नयेत म्हणून पुढ्यात कडबा टाकायचा.

एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा मी हे पाहिले. वर भाऊजी, खाली दौलत गाडीवान तंबाखू मळत उभा. माझा चेहरा पाहून दौलत हसला. “घाबरू नका, कालेजवाले. बैल खाऊन राह्यला तोवर देवळातला नंदी हाय!”

वरून भाऊजी म्हणाले, “करंटले भ्याव, बाबू. शिडीले काय भ्याव?”

घरी कवेलू फेरायला, म्हणजे कौले चाळायला, ते छपरावर चढत तेव्हा ताई शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवी. “सोड वं,” ते ओरडत. “कोनी पाह्यलं तं म्हनन, गणपत बायकोच्या हातावर चढते.” ताई म्हणे, “म्हनू द्या.” आणि ते खाली उतरेपर्यंत ती हात काढत नसे.

त्या दिवशी काय झाले ते दौलतनेच सांगितले. बैलांपुढे कडबा होता, संपला नव्हता. शेजारून हिरव्या चाऱ्याची बंडी गेली. डावा बैल तिच्याकडे वळला... एकच पाऊल, पण बंडी हलली आणि शिडी निसटली. खाली फरशी होती.

दवाखान्यातून मिळालेले कपडे ताईने घरी आल्यावर उलगडले. सदऱ्याच्या खिशात चिनी मातीचा फ्यूज होता. अख्खा.

तरीही भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, करंटनं गेला. वायरमनला तसेच मरण येते, असे लोक धरून चालतात. मागच्या आठवड्यात मी त्या आवारावरून गेलो. खांबाजवळ बंडी, बंडीवर शिडी, वर नवा वायरमन. पुढ्यात कडबा. मी खालूनच त्याला उतरायला सांगितले. तो वरून म्हणाला, “काऊन? तुमचे भाऊजी तं करंटनं गेले ना? मी मेन बंद केलं हाय.” मी सांगितले, करंट नव्हता, बैल होता. त्याने बैलांकडे पाहिले. ते खात होते. तो पुन्हा कामाला लागला... मी तिथून हललो नाही. तो उतरेपर्यंत जू दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. यापेक्षा अधिक काय करायचे ते मला सुचले नाही.

भाऊजींची शिडी दौलतने घरी आणून दिली होती. ती मागायला दोघे-तिघे येऊन गेले. परवा कॉलेजातून आलो तर ताई अंगणात घामाघूम झालेली. तिने मोरीजवळ खड्डे खणून शिडीचे दोन्ही पाय मातीत पुरले होते, भोवती दगड ठोकले होते आणि बुडाशी दोडक्याचे बी लावले होते. वेल लागलेली शिडी कोण मागणार?

मला पाहून तिने शिडी दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवून पाहिली.

“आता नाई हालत,” ती म्हणाली. तरी तिने हात काढले नाहीत.