मयताच्या तोंडातलं नाणं

आज तुळस खुडली आणि हाताला तोच वास राहिला. महिन्यापूर्वी माझ्या बायकोला नेलं, त्या सकाळी मेहुण्याने तिच्या तोंडात तुळशीचं पान नि सोन्याची कणी ठेवली होती. "हे कोणासाठी?" मी विचारलं. "रीत आहे, दाजी," तो म्हणाला. मला मात्र ठाण्याची शाळा आठवली.

तेव्हा मी दहाएक वर्षांचा. माझा बा कोपरीच्या खाडीत होडीने माणसं पलीकडे पोचवायचा. मास्तर त्या दिवशी ग्रीस देशाचा इतिहास सांगत होते. तिथले जुने लोक म्हणे मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवत, कारण मेल्यावर नदी लागते आणि तिथला होडीवाला भाडं घेतल्याशिवाय पार नेत नाही. सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला. "तुझाच आजा असणार रे तो!" मागून कोणीतरी ओरडलं. मास्तरही हसले. मला वाटलं, असा देशच नसेल, माझ्या बाला हिणवायला यांनी तो रचलाय.

घरी जाऊन बाला विचारलं. "मयताचा पैसा कोन घेल रं? येडा झालास काय?" तो म्हणाला. माझ्या लेखी मास्तर खोटारडा ठरला. शाळेत मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आता कळतं, मास्तर खरं सांगत होते. आपलं माणूस पलीकडे अडू नये, ही धास्ती त्या लोकांनाही होती. पण त्या होडीवाल्यावर माझा अजून भरवसा नाही. त्याच्या जागी माझा बा असता, तर त्याने सुनेला हात धरून होडीत बसवलं असतं.