तिला न सांगितलेलं एक वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर खोटंच बोललो असतो — त्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही.

निपाणी म्हैसूर राज्यात गेली, त्यानंतरची दोन-तीन वर्षं. मी बेंगळुरूच्या एका कोर्टात कारकून होतो, बसवनगुडीत खोली घेऊन राहायचो. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येत, म्हणून मराठी आरोपी आला की दुभाषा मीच. राज्यघटना तोंडपाठ! कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे कलम मी कॉफी पिता पिता चारचौघांना ऐकवायचो. वडील निपाणीला वकील होते, असंही ऐकवायचो. वकील कसले? ते मी लहान असतानाच वारले होते, आणि आई वखारीत तंबाखू निवडायची.

मग गंगूबाईला आणलं. मोलकरीण, निपाणीची, कन्नड जरासुद्धा येत नव्हतं. मालकिणीच्या पाटल्या चोरल्याचा आळ. पोलिसांनी दमदाटी करून तिला कबुलीला तयार केलं होतं. मॅजिस्ट्रेटसमोर ती नाही म्हणाली असती तर पोलिसांच्या हातात दुसरं काही नव्हतं.

व्हरांड्यात, दोन वकिलांसमोर, तिनं मला न्याहाळलं. "अण्णा, तुमी सरूबाईचं पोर न्हवं का? आमी दोघी एकाच वखारीत तंबाकू निवडलाय की." मग सांगत सुटली — पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलंय, अक्षता पडायच्या आत घरी जायला पायजे. वकिलांपैकी एकाला मराठी कळत होतं. तो माझ्याकडे बघून हसला.

बस्स, एवढंच झालं होतं.

मॅजिस्ट्रेट सज्जन माणूस. त्यांनी पोलिसांना बाहेर काढलं, दार लावायला सांगितलं, आणि मला म्हणाले — हिला नीट समजावा, कबुली देण्याची सक्ती नाही, दिली तर ती तिच्याविरुद्ध वापरली जाईल. कायद्यानं तिच्या वाट्याला दिलेलं तेवढंच एक वाक्य. ते पोचवायला खोलीत फक्त मी होतो.

मी काय सांगितलं?

"घेतल्या म्हण. साहेब आजच सोडतील. लग्नाला पोचशील."

साहेबांनी तीनदा विचारलं, स्वखुशीनं सांगतेय ना? तिन्ही वेळा मी तिला म्हणालो, मोठ्यानं म्हण. अंगठा उमटवून तिनं मला हात जोडले. घाबरून केलं म्हणालो तर तुम्हाला बरं वाटेल — पण मला मजा वाटत होती. पोलीस तिला परत न्यायला लागले तेव्हा ती वळून वळून माझ्याकडे बघत होती, आणि मी कागदाला टाचणी लावत होतो.

पोरीचं लग्न मोडलं. खटला दुसऱ्या साहेबांपुढे चालला, दुभाषा पुन्हा मीच. तुला काही सांगायचंय का, असं त्यांनी शेवटी विचारलं.

"ह्या अण्णास्नी इचारा की," ती शांतपणे म्हणाली. "त्येनीच सांगितलं तसं म्हनाया. आमच्या गावचं हाईत, खोटं बोलायचं न्हाईत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हणालो, तिला काही सांगायचं नाही.

त्यांनी तसं लिहून घेतलं. एक वर्षाची सजा झाली. ती तिला मराठीत मीच सांगितली, आणि तेवढं मात्र बरोबर सांगितलं.